उष्टी सुई

सुमित्राबाई माझ्या शेजारी राहतात. अमेरिकेतील पिस्कॅटवे येथे त्यांच्या मुलाचे आणि माझ्या मुलाचे घर एकाच जिन्यावर, समोरासमोर आहे. त्यांच्याविषयी लिहिण्याचे कारण असे की, त्यांनी केले ते योग्य होते आणि तरीही लोक त्यांनाच हसले.

यजमान लवकर वारल्यावर सुमित्राबाईंनी सांगलीत खाणावळ चालवली आणि त्यावर मुलाला, निमिषला, इंजिनिअर केले. त्या खाणावळीचा एक कडक नियम होता, तो म्हणजे उष्टे चालणार नाही. एकदा वाढपिणीने कोणाच्या तरी ताटात उरलेली भाजी परत पातेल्यात ओतली. त्या ताटावरच्या मुलाने भाजीला हातही लावला नव्हता, असे ती सांगत राहिली. सुमित्राबाईंनी ते भरलेले पातेले म्हशीपुढे रिकामे केले आणि जेवायला बसलेल्या मुलांना पिठले करून वाढले. आजही त्या नातवाने अर्धे खाल्लेले बिस्कीट तोंडात घालत नाहीत. तो "आजी, इट्स जस्ट मी" म्हणतो, तरी नाही.

त्यांना मधुमेह आहे. निमिषच्या कंपनीचा विमा आईला लागू होत नाही. विमा नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला इथे डॉक्टर मिळणे किती कठीण आहे, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळते. म्हणून डॉक्टर अवधूत यांचे नाव आमच्यात देवासारखे घेतले जाई. त्यांचा दवाखाना धुलाईयंत्रांच्या दुकानाशेजारी होता. शनिवारी ते इकडे आलेल्या आईवडिलांची साखर फुकट तपासत, कंपन्यांनी नमुन्यादाखल दिलेल्या गोळ्या फुकट देत आणि मराठीत बोलत. मोबदला म्हणून बायका डबे नेत. सुमित्राबाई बेसनाचे लाडू नेत असत.

२००५ च्या हिवाळ्यात मी त्यांच्यासोबत प्रथम तिथे गेले. आत पाऊल टाकताच मला शिसारी आली. गालिच्यावर जुना पिवळा डाग होता. मोरीत चहाचे कप आणि लघवीच्या नमुन्याचे पेले शेजारी शेजारी पडले होते. तपासणीच्या पलंगावरचा कागद नव्या रोग्यासाठी बदलत नव्हते, फक्त उलटा करीत होते. लाडवांचा डबा ज्या फ्रिजमध्ये गेला, त्यातच मुलांच्या लशीच्या बाटल्या होत्या आणि त्यांना खेटून दह्याचे भांडे होते. मदतनीस सीमा हिने हातमोजे घातलेले पाहून मला क्षणभर बरे वाटले. पण त्याच हातमोज्यांनी तिने फोन उचलला, चिवडा खाल्ला आणि पुढच्या रोग्याचे बोट धरले. हातमोजे रोग्यासाठी नसून तिच्यासाठी होते.

सर्वांत वाईट प्रकार सुईचा होता. बोट टोचण्याचे एक पेन होते. त्यातील सुई सीमा काढत नव्हती. एकाचे रक्त घेतले की ती पेनाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसे आणि पुढच्याला बोलावी. पेनाच्या तोंडाशी वाळलेले रक्त तपकिरी होऊन बसले होते.

परतताना मी हे सुमित्राबाईंना सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही. एवढा शिकलेला माणूस असे करू देईल का, आणि आपल्यासाठी इतके करणाऱ्यावर संशय घ्यावा का, असे त्या म्हणाल्या. मात्र त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, हे मला निमिषच्या बायकोकडून, इशिताकडून, कळले.

पुढच्या शनिवारीही मी बरोबर होते; त्या रांगेत उभ्या राहिल्या आणि डोळे पेनावरून हलू दिले नाहीत. त्यांच्या पुढे दिगंबरराव होते, निवृत्त शिक्षक. त्यांचे रक्त घेऊन झाले, बोळा फिरला आणि सीमाने सुमित्राबाईंचा हात मागितला. त्यांनी मूठ मिटून घेतली.

"सीमा, ही सुई उष्टी आहे. नवी घे."

"काकू, क्लीन केलीय ना स्पिरिटने. सगळ्यांना हीच यूज करतो आम्ही."

"म्हणूनच म्हणते."

बोलणे ऐकून डॉक्टर बाहेर आले. ते रागावले नाहीत, हसले. फुकटच्या तपासणीत माणशी नवी सुई घालायची म्हटले तर शनिवार बंदच करावा लागेल, मग या सर्वांना कोण पाहणार, असे त्यांनी मोठ्याने विचारले. हा प्रश्न सुमित्राबाईंना नव्हता, रांगेला होता. रांगेने लगेच सुमित्राबाईंकडे रागाने पाहिले.

दिगंबरराव बोटावर कापूस दाबत म्हणाले, "काय वहिनी, सोवळं अमेरिकेतही बरोबर आणलंत वाटतं?"

काही लोक हसले. सुमित्राबाई डॉक्टरांकडेच पाहत होत्या.

"माझ्या खाणावळीत कधी कधी एखाद्या पोराजवळ पैसे नसायचे. त्यालाही मी धुतलेल्या ताटातच वाढलं, डॉक्टर."

डॉक्टर म्हणाले की त्यांची इच्छा नसेल तर त्यांनी दुसरीकडे दाखवावे. दुसरीकडे कोठेच सोय नाही, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही. सुमित्राबाईंनी गोळ्या घेतल्या नाहीत. त्यांनी स्वतः फ्रिज उघडला, आपला डबा काढला आणि बाहेर गाड्यांच्या तळाजवळच्या कचऱ्याच्या पिंपात सारे लाडू ओतले. अन्न टाकताना त्यांचे डोळे भरून आले होते.

घरी निमिष चिडला. "आई, तुझी शुगर वाढली तर मी तुला कुठे नेऊ? अ‍ॅटलीस्ट मला आधी विचारायचंस." गोळ्या संपल्या आणि त्यांची साखर खरोखरच वाढली. पाय बधिर होऊ लागले. तरी त्या अवधूतांच्या दवाखान्यात परत गेल्या नाहीत. अखेर निमिषने विमा नसलेल्यांसाठी असलेले सरकारी केंद्र शोधले. तिथे मराठी कोणाला येत नव्हते आणि फार ताटकळावे लागले. परंतु तेथील परिचारिकेने हात धुतले, नवे हातमोजे घातले आणि सुमित्राबाईंच्या डोळ्यांसमोर सुईचे वेष्टण फोडले. निमिषकडून त्या पेनाची हकिगत ऐकल्यावर तिने रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या तपासणीसाठीही रक्त घेतले. अहवाल येईपर्यंत सुमित्राबाईंनी आपले ताट-वाटी घरात वेगळी ठेवली होती. अहवाल चांगला आला.

नंतर दिगंबररावांकडे सत्यनारायण होता. सुमित्राबाईंची सवय त्यांना माहीत होती, म्हणून त्यांनी मुद्दाम कोरा पेला घेतला आणि तांब्या उंच धरून पाणी ओतले.

"घ्या वहिनी, याला कोणाचं तोंड लागलेलं नाही."

त्यांच्या बोटाच्या टोकावर टोचल्याचा ताजा काळा ठिपका होता. सुमित्राबाई पाणी प्यायल्या.

"भाऊजी, रक्त तपासून घ्या. माझं घेतलं त्या सरकारी केंद्रात. तुमचंही घेतील, निमिष नेईल."

"मला काय धाड भरलीय?" दिगंबरराव हसून म्हणाले आणि तोच तांब्या घेऊन पुढच्या पाहुण्याकडे वळले. त्याला ते सांगत होते की, शनिवारी आईला डॉक्टर अवधूतांकडे अवश्य घेऊन या, आपला माणूस आहे, एक पैसा घेत नाही.

सुमित्राबाईंनी प्रसादाची वाटी तशीच झाकून ठेवली. त्या पाहुण्याची आईही पूजेला आली होती; जाताना त्या तिच्याजवळ बसल्या आणि हळू आवाजात सुईची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागल्या.