अंजिरी साडी आणि प्रोजेक्टर

नारायण पेठेतल्या अनंतराव दात्यांचं अख्खं आयुष्य साड्या विकण्यात गेलं. गिऱ्हाईक साडी दाराशी नेऊन उन्हात रंग बघतं, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरी सिनेमे बघायला प्रोजेक्टर घ्यायला गेले तेव्हाही ते म्हणाले, "जरा दाराशी आणून दाखवा."

"काका, उन्हात याचं काहीच दिसत नाही," दुकानदार म्हणाला.

उजेडाला भिणारा माल अनंतरावांनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांना गंमत वाटली. फॉल बदलायला द्यायची म्हणून बायकोची जुनी अंजिरी साडी पिशवीत होतीच. तिचा त्यांनी दाराशी उन्हात फोटो काढला आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर लावायला सांगितला. पहिल्या प्रोजेक्टरवर साडी नव्या नवरीसारखी झळकली. दुसऱ्यावर ती होती तशीच, थोडी विटकी दिसली. पुन्हा दाराशी जाऊन त्यांनी खरी साडी निरखली आणि परत आले.

"दुसरा द्या. पहिला खोटं बोलतो."

"पण लोक पहिलाच नेतात, काका."

"नेणारच. माझ्या दुकानात दिवे मी तसलेच लावलेत."