दोन गाड्या आणि बाबा

गेल्या वर्षी, मे महिन्याची बारा तारीख. दुब्रोव्हनिकला गाड्या भाड्याने देणाऱ्या कचेरीत दोन गाड्यांची अनामत म्हणून माझ्या कार्डावरचे सोळाशे युरो अडकले. हजर आम्ही सहा जण: मी, बायको, मुलगी, मेहुणा, त्याची बायको आणि माझे वडील, वय एक्याऐंशी. क्रोएशिया, बोस्निया, माँटेनेग्रो आणि अल्बेनिया असा बेत होता. सहाही पासपोर्ट माझ्या कमरेच्या पिशवीत. ज्याचा त्याने सांभाळायचा ठरला असता तर एखादा नक्की हरवला असता, असं माझं मत होतं.

बाबा कधी या गाडीत बसत, कधी त्या. माझ्या गाडीत एसी लागतो म्हणून कुरकुर, मेहुण्याच्या गाडीत गाणी लागतात म्हणून कुरकुर. मेहुणा म्हणे, "भावोजी, बाबा म्हणजे आपली एसटी. कुठे थांबेल, कुठे चढेल, नेम नाही." बाबाही हसत.

माँटेनेग्रोत एक अरुंद खाडी लागते. गाड्या फेरीबोटीत घालून दहा मिनिटांत पलीकडे. बोट बघून बाबा खुलले. "ही तर आपली दिघीची!" म्हणाले आणि गाडीतून उतरून कठड्याशी जाऊन उभे राहिले. आम्ही श्रीवर्धनची माणसं. दिघीहून आगरदांड्याला जाताना म्हातारी माणसं नेहमीच बोटीवर मोकळी उभी राहतात, धक्का आला की आधी चालत उतरतात, चढ चढून सावलीला थांबतात. गाडी मागून येते आणि त्यांना घेते. बाबा जन्मभर असेच उतरले.

बोट लागली. मागचे हॉर्न वाजवू लागले. मी गाडी काढली, माझ्या पुढे मेहुण्याने काढली. बाबा त्याच्या गाडीत आहेत असं मी धरलं. माझ्या गाडीत आहेत असं त्याने धरलं. आमची युरोपची सिमं त्या देशात चालत नव्हती. फोन फक्त मुलीचा चालू होता, त्यामुळे गाडीतून गाडीत कोणी विचारलंही नाही.

अल्बेनियाच्या हद्दीवर रांग होती. पासपोर्ट माझ्याकडे, म्हणून मेहुणा माझ्या खिडकीशी आला. आत वाकून बघत म्हणाला, "बाबा उतरले का कुठे पाय मोकळे करायला?"

"बाबा तुझ्याकडे आहेत."

"चेष्टा नको भावोजी."

माझी बायको मागच्या सीटवरून ओरडली, "अहो, त्यांचं जेवण माझ्याकडे आहे! सकाळचं इन्सुलिन घेतलंय त्यांनी!"

दुपारचे दोन वाजून गेले होते. वेळेवर खाल्लं नाही तर त्यांची साखर उतरते. घरी एकदा न्हाणीत पडले होते.

रांगेतून गाडी वळवताना पोलीस काय ओरडला ते कळलं नाही. मुलीने पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या बाईने इंग्रजीत विचारलं, सदरा कोणत्या रंगाचा? मी म्हटलं पांढरा. बायको म्हणाली आकाशी. पासपोर्टचा नंबर मला पाठ होता, तो मी दोनदा सांगितला. त्याचा उपयोग काय? पासपोर्ट माझ्या कमरेला होता आणि माणूस रस्त्यावर.

परतीचे जवळजवळ दोन तास. डावीकडे समुद्र. प्रत्येक वळणावर मला पाण्याच्या कडेला कोणीतरी पडलेलं दिसे. जवळ गेल्यावर ते टॉवेल असत किंवा गोरी माणसं ऊन खात पडलेली असत. बायको मागे एकच वाक्य म्हणत होती, "त्यांना पाणीसुद्धा मागता येणार नाही हो." मी तिच्यावर खेकसलो.

धक्क्यावर बाबा नव्हते. बोटीवर दोर लावणाऱ्या माणसाला फोनमधला फोटो दाखवला. त्याने वरच्या कॉफीच्या दुकानाकडे बोट केलं.

दोन खुर्च्या जोडून त्यांना आडवं केलं होतं. सदरा आकाशी होता, घामाने चिंब. दुकानवाली बाई, माझ्याच वयाची, चमच्याने मधाचं पाणी पाजत होती. मुलीशी तिचं तुटक बोलणं झालं. म्हाताऱ्याने सदरा वर करून पोटावरच्या सुयांच्या खुणा दाखवल्या, त्यावरून तिने ओळखलं.

बाबांनी मला ओळखायला वेळ घेतला. "अरे, मी वर येऊन उभा राहिलो. तुमच्या दोन्ही गाड्या समोरून गेल्या. मी हात केला."

मेहुणा बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बायकोने डबा उघडून घास भरवले. तासाभराने बाबा उठून बसले, आमच्याकडे एकेकाकडे बघितलं आणि विचारलं, "आता मी कुठल्या गाडीत बसू, ते सांगा." पोरगं मास्तरांना विचारतं तसं. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

अल्बेनिया रद्द केला. निघताना बाईपुढे शंभराची नोट धरली. तिने ती माझ्या खिशात कोंबली आणि पाटीवरचे भाव दाखवले. एक सूप, एक पाव, दोन लिंबू सरबतं. मधाचे तिने लावले नाहीत. त्या बाईला साडेआठ युरो दिले.