दुसऱ्या ऑपरेशनला आई आली

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या मजल्यावर माझं पिशवीचं ऑपरेशन झाल्याची बातमी पसरली, तेव्हा पिशवीतली गाठ पपईएवढी होती. संध्याकाळपर्यंत ती कलिंगडाएवढी झाली, आणि दुसऱ्या दिवशी ती उचलायला दोन नर्सा लागल्या. हे सगळं मीच पडल्या पडल्या समोरच्या काकूंना सांगितलं. काकूंची पिशवी खरोखरच काढलेली. "माझी लिंबाएवढी होती गं फक्त," त्या म्हणाल्या आणि बिचाऱ्या चक्क ओशाळल्या.

मला पिशवी जन्मतःच नव्हती. मी जन्मले मुलाच्या अंगाने. बाई मी पहिल्यापासूनच होते. मुंबईतल्या पहिल्या ऑपरेशननंतर शरीराने तेवढं मागून धावत येऊन मला गाठलं. आणि आता हे दुसरं ऑपरेशन होतं, कारण पहिल्याने केलेली योनीची वाट बुजली होती.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्या वेळीच समजावलं होतं. "आम्ही जी वाट करून देतो ना, ती शरीराला जखमच वाटते. आणि जखम भरून काढणं हा त्याचा धर्म." म्हणून रोज नेमाने डायलेटर नावाची गुळगुळीत दांडी आत घालून पडून राहायचं, वाट उघडी ठेवायची. मी ठेवत होते. दाराला कडी, खिडकीला पडदा, शिलाई मशीनला टेकवून मोबाइलवर सिरीयल. फॉल-पिकोला साडी घेऊन कोणी दार वाजवलं तर आतून ओरडायचे, "पूजेत आहे." माझ्याइतकी देवभोळी बाई अख्ख्या सिडकोत नाही, अशी ख्याती झाली होती.

मग येवल्याला वडील गेले.

आमचं घर दोन खोल्यांचं. एकीत पैठणीचा माग, दुसरीत उरलेलं सगळं जग. मी दारात पाय ठेवला तर चुलत्याने तिथेच अडवलं. "आधी डोकं कर. बापाला आग कोण देनार?"

"काका, मी आता..."

"तू काय हायेस ते मंग बघू. आत्ता पोरगा हो."

मी आईकडे बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. "त्यांची लय इच्छा व्हती," एवढंच म्हणाली. मी बसले न्हाव्यापुढे. माझे केस कमरेपर्यंत होते. बरं, खांद्यापर्यंत; पण पायाशी पडलेले बघितले तेव्हा कमरेपर्यंतचेच वाटले.

त्या घरात कडी असलेलं दार एकच, अंगणातल्या संडासाचं, आणि त्याच्यापुढे पाहुण्यांची रांग. रात्री माणसं अशी खेटून निजायची की एकाने कूस बदलली तर सगळ्यांची बदलायची. डायलेटर बॅगेच्या तळाशी कपड्यांखाली पडून राहिले. तेरावं झालं तरी दुखवट्याला माणसं येतच होती, आणि आई रिकाम्या मागासमोर एकटी बसेना. मी राहिले. डोक्यावर टोपी, अंगात वडिलांचा सदरा, आल्या-गेल्याला नमस्कार. नाशिकला परतले तेव्हा सगळ्यात बारीक डायलेटरसुद्धा आत जाईना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मांडीची कातडी जोडून पुन्हा वाट करता येईल. पण याही वेळी बुजली, तर त्यापुढे त्यांच्याकडे उपाय नाही.

मी आईला फोन केला. पहिल्या ऑपरेशनला ती आली नव्हती. सासरी दिलेल्या लेकीला काही झालं की आई एसटीने येते, पिशवीत डिंकाचे लाडू आणि जुनं मऊ लुगडं घेऊन. मला तेवढंच हवं होतं. लेकीची आई म्हणून एकदा तिने येऊन उशाशी बसावं.

"परत ऑपरेशन? कशानं?" आईने विचारलं.

"बुजलं."

"पर कशानं बुजलं?"

गप्पांत नाशकावर नारळाएवढ्या गारा पाडणारी मी. "असंच," म्हणाले.

"येते," ती म्हणाली.

आणि आली. लाडू आणले, लुगडं आणलं. मऊ भात करून दिला, पाणी तापवलं, रक्ताचे कपडे एका शब्दाशिवाय धुतले. फक्त माझ्याकडे बघायची नाही. बोलायची ती पातेल्याशी. "आता जरा जेवून घ्यावं," असं पातेल्याला सांगायची आणि मी जेवायचे. डायलेटरची वेळ झाली की स्टूल उचलून बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बसायची, दार ओढून घ्यायची. कोणी आलं की म्हणायची, "आराम चाललाय."

एका दुपारी काकू तिच्याजवळ येऊन बसल्या. मी आत पाय दुमडून, दात आवळून पडलेली. दार पातळ.

"तुम्हाला ही एकच का हो?" काकूंनी विचारलं.

माझ्या आईला खोटं बोलता येत नाही. कांदा विकायला बसली तर सडका कुठला ते आधी सांगेल.

"एक पोरगा व्हता," ती म्हणाली.

"होता म्हणजे?"

"गेला. बापाच्या मागंच. बापाला आग्नी दिला आन् गेला."

"अरे देवा. आजारी होता?"

"नाय वो. चांगला व्हता." आईचा आवाज हळूहळू मोकळा व्हायला लागला. "मागावर बसला की बापापरीस सफाई. आन् बोलनं असलं, एकाचं धा करून सांगायचा. आमचे हे येरवी कधी हसायचे नाय, तर ते पन हसायचे."

"म्हणजे हिच्यासारखाच की."

मग कसलीतरी चाळवाचाळव. आईच्या बटव्यात माझा शाळेतला एक फोटो असायचा, तोच तिने काढला असणार, कारण काकू म्हणाल्या, "अगं बाई. नाक तर अगदी हिचंच."

मी आत डोळे मिटले.

"जुळी व्हती," आई म्हणाली.

मी जन्मभर थापा मारत आले, पण एवढी मोठी माझ्या हातून कधी झाली नाही. मला हसू यायला हवं होतं. आलंही असेल, ओठांपर्यंत.

काकू नाक ओढत म्हणाल्या, "पोरगी तरी राहिली हो तुम्हाला."

खालच्या कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"ऱ्हायली," आई म्हणाली. "चांगली हाय पोरगी. वळख व्हतीय तिची आता, हळूहळू. पर त्याच्यासाठी मला कुनी रडूच दिलं नाय, बाई. कुनापुढं रडू? माती नाय, तेरावं नाय."

आणि ती रडली. वडिलांच्या वेळी रडली नव्हती तशी, आवाज काढून. काकू "उगी, उगी" करत होत्या. मला उठावंसं वाटत होतं, पण उठून दारात जाऊन सांगणार काय होते? मी इथे आहे? ते तिला ठाऊक होतं. माझ्याच जपणुकीसाठी तर ती तिथे स्टूल टाकून बसली होती.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. पदराने तोंड पुसत आई आत आली. या वेळी तिने माझ्याकडे बघितलं.

"झालं?"

"थोडं राहिलंय."

"सावकाश होऊ दे." तिने सरकलेली चादर माझ्या पायांवर ओढली. "म्या हाय भाईर."

दार पुन्हा लागलं. काकूंनी चहा टाकू का विचारलं, आई टाका म्हणाली, आणि मग तो पहिल्यांदा पायावर उभा राहिला तेव्हाचं सांगू लागली. तेव्हाचं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी श्वास हलका करून ऐकत राहिले.