मुहूर्ताचा भोंगा

हे तुम्हाला सांगावं की गिळून टाकावं, या विचारात माझा पहिला कप चहा संपला. आता दुसरा हातात आहे, तर सांगूनच टाकतो. पण एक अट. आमच्या कुसुमच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, घरी कधी गेलात, तर हा विषय काढायचा नाही. ती स्वतःच काढेल, ते वेगळं!

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. मी तेल्हाऱ्याला एका जिनात टाइमकीपर होतो. कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना तो. माझं काम काय, तर मजुरांची हजेरी मांडायची आणि भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बघून बॉयलरवरच्या रहीमचाचांना खूण करायची. मी मान हलवली की चाचा साखळी ओढणार आणि भोंगा वाजणार. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा.

या भोंग्यावर अख्खं गाव चालायचं हो! शाळा सुटायची ती भोंग्यावर, कचेरीतले बाबू डबे उघडायचे ते भोंग्यावर. रस्त्यानं जाताना लोक मला रामराम करायचे आणि मी, खोटं कशाला बोलू, चांगला फुगायचो. जणू सूर्य माझ्याच परवानगीनं उगवतो!

मात्र हाच भोंगा अवेळी आणि लांबलचक वाजला, तर त्याचा अर्थ एकच. जिनात आग! कापसाची आग कोणाची वाट बघत नाही. हातातलं काम टाकायचं, मिळेल ती बादली उचलायची आणि जिनाकडे पळत सुटायचं. हे गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. म्हणूनच तर आज मान खाली घालून सांगतोय ना!

तर आमच्या कुसुमचं लग्न ठरलं. बाबा नव्हते, म्हणजे सगळी जबाबदारी माझ्यावर. आधीची दोन स्थळं बोलणी होऊन मोडली होती. हे तिसरं. तीन कोसांवरचं गाव, घरची काळी जमीन, मुलगा शांत स्वभावाचा. फक्त मुलाचे वडील, तात्याजी, मुहूर्ताच्या बाबतीत फार कडक.

साखरपुड्यालाच त्यांनी बजावलं, "मोठ्या पोराच्या लग्नात मुहूर्त टळला, अन् सून तीन वर्सं माहेरी बसली. यंदा पळभर जरी इकडे-तिकडे झालं त मी वरात वापस नेईन. मंग मले बोल लावू नका!"

आईचा चेहराच उतरला. तिसरं स्थळ मांडवातून परत गेलं, तर पोरीकडे पुन्हा कोण बघणार?

मुहूर्त निघाला अकरा वाजून सात मिनिटांचा. पण कोणाच्या घड्याळात? भटजींचं मनगटी घड्याळ आणि तात्याजींचं खिशातलं घड्याळ यांच्यात नऊ मिनिटांचं अंतर, आणि दोघंही आपापल्या घड्याळावर ठाम. झालं, वादाला सुरुवात.

तेव्हा मी छाती काढून पुढे झालो. "तात्याजी, घड्याळाची चिंताच सोडा. मी हाये ना!"

या शेवटच्या तीन शब्दांनी माझा घात केला.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी रहीमचाचांना गाठलं. "चाचा, उद्या जिनाच्या घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाले की भोंगा वाजवा. लहानसा. टुक करून."

चाचा जरा दचकले. "बेवख्त भोंगा, बाबू? मालकानं इचारलं त?"

"मालक अकोल्याले गेले. आल्यावर मी पाहून घेतो. मुहूर्ताचा भोंगा हाये, चाचा!"

"कुसुमबेटीच्या शादीचा? मंग त वाजवाच लागते!"

भटजींनाही सांगून ठेवलं, "महाराज, भोंगा वाजला की अंतरपाट दूर करा. मग कोणाकडे पाहू नका, कोणाचं ऐकू नका." बाकी कोणाला अवाक्षर बोललो नाही. का? तर ऐन वेळी सगळ्यांनी तोंडात बोट घालावं आणि म्हणावं, वा रे पठ्ठ्या! दुसरं काय?

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव जिनापासून हाकेच्या अंतरावर. तात्याजी वरात घेऊन वेळेवर आले, आणि येताना कापसाच्या दोन भरलेल्या गाड्याही घेऊन आले. "येणंच हाये, त एका चकरेत दोन कामं," म्हणाले. गाड्या जिनाच्या आवारात सोडल्या आणि मंडळी मांडवात आली.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या एका बाजूला बाशिंग बांधलेले जावईबापू, दुसऱ्या बाजूला हार घेऊन खाली मान घातलेली आमची कुसुम. लोकांच्या मुठीत अक्षता. तात्याजींच्या तळहातावर घड्याळ.

आणि भोंगा वाजला.

आता तुम्हीच सांगा, लाडक्या पोरीच्या लग्नाचा भोंगा कोणी टुक करून वाजवतं का? चाचांनी प्रेमानं साखळीला लोंबकळूनच घेतलं! तो भोंगा वाजतोय, वाजतोय, थांबायचं नाव नाही.

"आग! जिनाले आग लागली रे बाप्पा!"

"माह्या गाड्या! माहा कापूस!" हे तात्याजी. मुहूर्त गेला कुठल्या कुठे, घड्याळ साखळीला लटकतंय, आणि म्हातारा धोतराचा सोगा खोचून मांडवाबाहेर! जावईबापूंनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा अंतरपाटाकडे पाहिलं, बाशिंग वर सारलं आणि पाटावरून जी उडी टाकली, की बस! मागोमाग सगळी वरात. अर्धे पाहुणे जिनातलेच मजूर, ते कसले थांबतात? पंगतीसाठी भरून ठेवलेल्या पाण्याच्या बादल्या उचलल्या गेल्या. एकानं तर घाईत मठ्ठ्याची बादली उचलली.

जिनाच्या आवारात पोचेपर्यंत शेकडो पायांनी एवढी धूळ उडवली की गाड्यांवर धूर दाटल्यासारखा वाटला. पहिली बादली तात्याजींच्या कापसावर पडली. मग दुसरी, मग तिसरी. मग मठ्ठा. दोन्ही गाड्या निथळायला लागल्या तेव्हा कोणीतरी ओरडलं, "अबे, पण आग कुठी हाये?"

बॉयलरच्या दारात रहीमचाचा हात पुसत, हसत उभे होते. सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, "बाबू, तुमी काहून आले? लगन लागलं का इतक्यात?"

तो बाबू म्हणजे मी!

काय तोंड दाखवू सांगा! मीच भोंगा ठरवला, मीच तो ऐकला आणि सगळ्यांच्या पुढे मीच पळालो. पहिली बादली माझीच होती हो! तीन हंगाम जिनात काढले होते. भोंगा ऐकल्याबरोबर पाय निघाले, डोकं मांडवातच राहिलं.

धावत परत आलो. भटजींनी माझं सांगणं तंतोतंत पाळलं होतं. भोंगा वाजताच कोणाकडे न बघता अंतरपाट दूर केला. कुसुमनं खालमानेनं हार उंचावला आणि समोर रिकामा पाट! मी आलो तेव्हा ती तशीच उभी होती, हार हातात धरून. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझ्या हातातल्या रिकाम्या बादलीकडे पाहिलं आणि मला त्या क्षणी जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. बापाच्या जागी उभं राहायचं ते मी, आणि मीच तिला टाकून पळालो होतो.

एव्हाना तात्याजीही परतले. मिशीला कापूस चिकटलेला, अंगरख्यावर मठ्ठ्याचे ओघळ. मी भरमांडवात त्यांचे पाय धरले.

"तात्याजी, आग नव्हती. भोंगा मीच वाजवायले सांगतला होता. मुहूर्तासाठी."

"तुमी?"

"हो जी."

"अन् माह्या कापसावर पयली बादली?"

"तेबी माहीच, जी. पण चूक माही हाये, पोरीची नाही."

"गाड्या जुंपा रे!" तात्याजी गरजले. "वरात वापस!"

आई मटकन खाली बसली. तेवढ्यात त्यांचा गाडीवान चाचरत म्हणाला, "तात्याजी, वला कापूस तसाच भरून नेला त वाटेतच गरम होऊन सडते. आधी वायवा लागते."

आणि एवढा ओला कापूस वाळत घालायला ऐसपैस, स्वच्छ जागा गावात कुठे होती? आमच्या मांडवात!

कनात सोडली, ऊन आत घेतलं, सतरंज्यांवर कापूस पसरला. दोन्हीकडचे पाहुणे ओळीनं बसून कापूस उलटवायला लागले. मठ्ठ्याचा कापूस वेगळा काढायचं काम मला मिळालं आणि मी ते मुकाट्यानं केलं. थोड्या वेळानं कुसुम हळदीच्या अंगानंच उठली, पदर खोचला आणि तात्याजींच्या शेजारी बसून कापूस मोकळा करायला लागली. एक शब्द बोलली नाही. तात्याजी बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिले.

दुपार कलली तसं त्यांनी भटजींना हाक मारली. "महाराज, आज गोरज मुहूर्त हाये का?"

"आहे जी. उत्तम आहे."

"मंग लावा लग्न. कापूस वायेपर्यंत मी तरी कुठी जाऊन राहिलो? पोरगी कामाची हाये. तिच्या भावाले मात्र धरून ठेवा!"

विनोद नाही, खरंच धरून ठेवलं. संध्याकाळी मंगलाष्टकं चालू असताना माझे दोन्ही मामा माझी दोन मनगटं पकडून उभे होते. चारी बाजूंना पांढराशुभ्र कापूस आणि मधे आमची कुसुम. लग्न लागलं. आई रडली, मीही रडलो, पण डोळे पुसायला मामांनी हात सोडला नाही.

मग कानपिळीची वेळ आली. आमच्याकडे नवरीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो. बहिणीला नीट सांभाळ, ही ताकीद. मामांनी मला सोडलं. मी कसाबसा पुढे झालो, हात उचलला, पण तो वर जाईना. कोणत्या तोंडानं ताकीद देणार?

जावईबापू हसले. "दादा, आज उलटं होऊ द्या," म्हणाले आणि त्यांनीच माझा कान धरला. सगळा मांडव खदखदला.

त्या काळी नवी नवरी चारचौघांत नवऱ्याशी अवाक्षर बोलत नसे. पण आमची कुसुम बोलली. दिवसभर गप्प बसलेली माझी बहीण आपल्या नवऱ्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलली, आणि तेही भरमांडवात, सासऱ्यांच्या देखत.

"आणखी जोरानं पिळा जी!"