न वाजलेला नगारा

केदुंग नदीच्या मुखाशी इंग्रजांची आगबोट नांगरली, तेव्हा देरामान नगाऱ्याला ऊन दाखवत बसला होता. सुलतान गादीवर बसो की मातीत जावो, देरामानच्या घराण्याचा नगारा वाजल्याशिवाय केदुंगात गोष्ट खरी धरत नसत. शिक्का मागून, नगारा आधी.

दरबारचा माणूस धापा टाकत आला. "चल, बोटीवर. तह होतोय."

"कसला तह?"

"ते आपलं रक्षण करणार. त्यांचा साहेब इथं राहील, सुलतान त्याचा सल्ला ऐकतील. धर्म आणि चालीरीती तेवढ्या आपल्या."

"म्हणजे घर त्याचं, चूल आपली!" देरामाननं नगाऱ्याची वादी सोडून कातडंच सैल केलं. "सांग जा, नगारा आजारी आहे."

सुपारी कातरणारी त्याची बायको कलसोम हसली. "जुसोहच्या बापा, तोफा घेऊन आलेत ते. तुमच्या ढोलाला भितात होय?"

"न भिईनात का. नगारा वाजला नाही म्हणजे तह झाला नाही!"

जुसोह, त्यांचा एकुलता एक, होडी बांधत होता. त्यानं ते ऐकलं आणि मनाशी गाठ मारली.

तह झाला. गोऱ्यांना कुठला नगारा ठाऊक! रक्षण म्हणे. कुणापासून, हे विचारायची दरबारात एकाची छाती झाली नाही.

पुढं धक्क्याजवळच्या साहेबाच्या बंगल्यावर इंग्रजांचा झेंडा चढला. भर दुपारी जुसोहनं तो उतरवला. "तह झालाच नाही! माझ्या बापानं नगारा वाजवला नव्हता!" शिपाई अंगावर आला, झटापटीत धक्क्यावरून पडला आणि मेला. साहेबानं फाशीचा सल्ला दिला. सुलतानांनी शिक्का मारला.

देरामान महालाच्या पायरीवर लोळला. "तुआंकू, महाराज, पोरानं बापाचा शब्द खरा मानला, एवढाच त्याचा गुन्हा. त्याच्या जागी मला लटकवा."

सुलतानांना मान वर करवेना. "त्या दिवशी बोटीवर मी तुझ्या नगाऱ्याचीच वाट बघत होतो, देरामान. तो वाजला नाही, तरी शिक्का मारावा लागला. आता माझ्या हातात चालीरीती तेवढ्या उरल्यात."

फाशीच्या सकाळी कलसोमनं वादी आणून नवऱ्यापुढं टाकली. हसणं केव्हाच आटलं होतं. "वाजवा आता."

देरामाननं कातडं ताणलं. सुलतानाच्या मौतीलाच वाजणारी ती थाप त्यानं होडीवाल्या पोरासाठी धरली. नदीवरची वल्ही थांबली.

"सुलतान गेले काय गं?" होडीतून कुणी ओरडलं.

"नाही," कलसोम म्हणाली. "माझा जुसोह गेला."

महालात जिवंत सुलतान आपल्याच मौतीची थाप ऐकत बसले. थांबवायला त्यांनी कुणालाही धाडलं नाही.