बारावं झाड

२०१७चा श्रावण संपता संपता मी वजन कमी करायचं ऑपरेशन करून मुंबईहून डहाणूला परत आले. जठर कापून लहान केलेलं, त्यामुळे दोन घासांत पोट भरायचं आणि वजन भराभर उतरत होतं. आधी घरातला काटा माझ्यापुढे हात टेकायचा, म्हणून मी शेडमधल्या चिकूच्या वजनकाट्यावर उभी राहायचे. आता घरातला काटाही मला आकडा सांगू लागला. नवरा तो आकडा फोन करकरून नातेवाइकांना कळवायचा. मी न्हाणीघरापासून ओटीपर्यंत चालले तरी धापा टाकत खाटेवर आडवी होते, हे मात्र तो कुणाला सांगत नसे. शक्ती हळूहळू परत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

'परत' या शब्दाचं मला हसू यायचं. गेली आठ वर्षं मी आमची चिकूची वाडी शेडमधल्या खुर्चीत बसून चालवली होती. कुठल्या ओळीत फळ तयार आहे, कुठे पाणी सोडायला हवं, हे कामाच्या बायका मला येऊन सांगायच्या आणि मी तेच त्यांना हुकूम म्हणून परत ऐकवायचे. वाडीचं पलीकडचं टोक मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. हे अर्थात मी कुणाजवळ कबूल केलं नव्हतं.

नवरा वेवजीला शाळेत मास्तर. वाडीकडे बघायला त्याला वेळ नाही, म्हणून ऑपरेशनची तारीख ठरल्यापासून तो वाडी ठेक्याने द्यायच्या मागे लागला. गुजरातेतला एक व्यापारी ओटीवर चहा पिऊन गेला. "बेन, तमे आराम करो," तो मला म्हणाला. "वाडी अमे संभाळी लेशुं." फळ उतरवायला तो आपली माणसं आणणार होता. आमच्याकडच्या बायकांचं काय, हे मी विचारलं नाही. मला राग आला होता तो त्या 'आराम'चा. वाडी गेली तर दिवसभर मी करणार काय, नवऱ्याच्या शाळेतल्या गोष्टी ऐकणार?

मी भांडले तेव्हा नवऱ्याने मास्तरी अट घातली. "दिवाळीच्या पाडव्याला तो उत्तर घ्यायला येतोय. त्याआधी शेडपासून पलीकडच्या बांधापर्यंत न बसता जाऊन ये. जमलं तर विषय बंद."

हे ऐकायला आमची मुकादम दारात उभी होती. मूळची उधव्याची, पंधरा वर्षं म्हाताऱ्या आईला घेऊन आमच्या वाडीतल्या खोलीत राहणारी. फळ उतरवणाऱ्या बायका तिच्या हाताखाली. ती मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणते. तिच्या गावाकडच्या बोलीत मालकिणीसाठी वेगळा शब्द नाही, आणि असता तरी तिने तो वापरला असता असं मला वाटत नाही. गणपती उठल्यावर एका सकाळी तिने चिकूचं रिकामं कॅरेट शेडपासून चौथ्या झाडाखाली पालथं घातलं.

"इथवर ये नि बस," ती म्हणाली.

गेले आणि बसले. चक्कर येईल, जपून चाला, असं डॉक्टरांनी बजावलेलं, त्यामुळे मी मान खाली घालून, पायांपुढची जमीन बघत चालायचे. ती शेजारून पाण्याची बाटली घेऊन यायची. मला एका वेळी एकच घोट प्यायची परवानगी होती आणि दुसरा घ्यायला गेले की ती बाटली काढून घ्यायची. दर दोन दिवसांनी कॅरेट एक झाड पुढे जायचं. आठवं झाड झालं तेव्हा मी नवऱ्याकडे बक्षीस मागितलं. त्याने उकडलेलं अंडं दिलं, तेही अर्धं, आणि वर्गात वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या.

बाराव्या झाडाशी घोडं अडलं. कॅरेटवर बसायच्या आधीच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मातीत बसले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, देऊन टाक वाडी, ओळीत तीस झाडं आहेत आणि मी बारात संपले. त्याने लगेच फोन उचलला नाही, हा त्याचा मोठेपणा. नुसतं कॅलेंडरकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मुकादम येऊन दारात बसली. काही केल्या उठेना. शेवटी तिला कंटाळून मीच उठले.

"कॅरेट कुठे ठेवलंयस?"

"बाराव्याला. पुढं नाय जायचा."

त्यानंतर तीन आठवडे रोज बारावंच. लोकांना चालून चालून दम कमी लागतो. मला रोज तेवढाच लागायचा, एखाद्या दिवशी जास्तच. केस गळत होते, ब्लाऊज खांद्यावरून घसरत होते, आणि बारावं झाड तर दिवसेंदिवस लांबच चाललंय असं वाटायचं. म्हटलं, अशक्तपणा, दुसरं काय. त्या झाडाला मी मनातल्या मनात शिव्या घालायचे. परतताना नजर पायांवर आणि हात तिच्या खांद्यावर.

पाडव्याच्या चार दिवस आधी मात्र माझा ताबा सुटला. कॅरेट दिसताच मी ते पायाने ढकललं. "आज बसायचं नाही. उरलेली अठरा झाडं केवढी लांब आहेत ते तरी बघते," म्हणाले आणि मान वर केली.

समोर झाड नव्हतं. तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे शेजाऱ्याचं अर्धं कापलेलं भात. मी बांधावर उभी होते.

आधी वाटलं, चक्करच आली. मग लक्षात आलं. ती रोज कॅरेट पुढे सरकवत होती आणि मला बारावंच सांगत होती. चिकूची झाडं एकसारखी दिसतात, फांद्या जमिनीपर्यंत आलेल्या असतात, सगळं खरं. तरी जिची वाडी तिला आपलं बारावं झाड कोणतं आणि तिसावं कोणतं हे कळायला हवं. आठ वर्षं मी मालकीण म्हणून मिरवले आणि माझी वाडी संपली तरी मला पत्ता नव्हता. एकशे अठरा किलोची होते तेव्हाही मला स्वतःची इतकी लाज वाटली नव्हती.

"खोटं का सांगितलंस?"

"खरा सांगतला असता तर तू घरां जाऊन निजली असतीस."

मला हसू आलं. म्हटलं, माझ्या हट्टापायी तू कशाला एवढी खपलीस? वाडी गेली असती तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं.

ती हसली नाही. "तू शोधला असतास," ती म्हणाली. "मी अच्छाडला ढाब्यावर बोलून ठेवलाय. भांडी घासाय. म्हातारीला कुठं ठेवू, ता नाय कळत."

दीड महिना ती माझ्या शेजारून चालली होती आणि मी फक्त माझा दम मोजत होते. परतीची तीस झाडं मी मान वर ठेवून चालले. मध्ये कुठे बसले नाही. शेडपाशी पोचल्यावर तिला म्हटलं, त्या ढाब्यावाल्याला आजच नाही म्हणून कळव.

"तू आधी तुझ्या व्यापाऱ्याला कळव," ती म्हणाली. "मंग मी सांगतां."