मानवी हाताचा दोष

घडीबाईंचा राग सगळ्यांना ठाऊक होता. नाकावर राग असलेली माणसं पुष्कळ असतात, पण ती तडतडतात आणि अर्ध्या तासात विसरून जातात. घडीबाई चिडल्या की गप्प व्हायच्या आणि कामाला लागायच्या. नवरा होता तेव्हा तो म्हणायचा, "ही भांडली तर परवडतं. घरी आल्यावर सगळे डबे लख्ख घासलेले दिसले की माझ्या छातीत धडकी भरते." तो बिचारा लवकर गेला. मागं राहिल्या घडीबाई आणि त्याची थोरली बहीण, म्हणजे बाईंची नणंद. ती शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली होती, आणि आता शिकवायला घरात एकच विद्यार्थिनी उरली होती.

बाई नोकरी करायच्या त्या कंपनीत रक्ताच्या तपासण्यांना लागणारी एन्झाइमं बनायची. एन्झाइम म्हणजे भारी नाजूक प्रकरण. गार ठेवलं तर जगतं, उकडलं तर मरतं, आणि जोरात हलवलं तर फेस येतो नि त्या फेसात त्याचा जीव जातो. बरं, मेलेलं आणि जिवंत दिसायला एकसारखंच. बाटली तशीच स्वच्छ, पाणी तसंच नितळ, आणि तपासणीत घातलं की ढिम्म! म्हणून ते मिसळायचं काम कोणालाही देत नसत. पाकासारख्या घट्ट द्रावणात भुकटी घालायची, बाटली रुळांच्या चौकटीवर आडवी ठेवायची आणि तळहातानं फिरवत राहायची. चाळीस मिनिटं. मध्ये थांबायचं नाही, घाई करायची नाही, खोकला आला तरी हात हलू द्यायचा नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बाई तिथल्याच ओल्या फरशीवर घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. 'फरशी ओली आहे' ही पाटी तेव्हा कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली होती, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात यायला नको म्हणून. चौकशीत ठरलं की बाईंनी खाली बघून चालायला हवं होतं. हाड जुळलं ते जरा तिरकं जुळलं. तो हात घेऊन त्या कामावर आल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता संपलं, ही बाई बाटल्या धुवायला जाणार. झालं उलटंच. तिरक्या हातानं फिरवताना बाटलीही चौकटीवर जराशी कलायची, आणि कललेल्या बाटलीत फेस कमी यायचा.

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, देवाची कृपा. बाईंनी हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्याची घडी घातली आणि चौकटीच्या एका टोकाखाली सरकवली. एक घडी, मग दोन, मग तीन, मग चार. चार घड्यांवर पाणी पार झाकणापर्यंत जायचं. दोनवर थोडा फेस राहायचा. तीन घड्या घातल्या की आरशासारखं नितळ. दोन महिने त्या रोज ताडून बघत होत्या, आणि तेव्हापासून एकोणीस वर्षं त्यांच्या हातून एक बाटली वाया गेली नाही. घडीबाई हे नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं राहिलं.

मिश्रणाचं खातं ज्यांच्या हाताखाली होतं ते मोठे सर तेव्हा धाकटे सर होते. वर चढत चढत मोठे झाले, आणि चढताना कधी खाली बघायची वेळ आली नाही. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं त्यांचं काम चालायचं. तीन वर्षांपूर्वी मात्र ते अचानक मिश्रणाच्या खोलीत येऊन बसू लागले. तीन दिवस फोन हातात धरून त्यांनी बाईंच्या हाताचं चित्रण केलं, पुठ्ठ्याच्या घड्या पट्टीनं मोजल्या, चौकटीचा उतार मापला. "बाई, तुमचा हात म्हणजे सोनं आहे, सोनं," असं जाता येता म्हणायचे. वर्षाच्या आत यंत्र आलं. तेच रूळ, तोच उतार, फक्त पुठ्ठ्याच्या जागी पोलादी पाय आणि बाईंच्या जागी मोटर.

समारंभ झाला, पुष्पगुच्छ दिले गेले, सरांनी भाषण केलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगा, त्यांना आनंदच झाला होता, कारण दिवसभर फिरवून मनगट ठणकायचं. भाषणात आपलं नाव येईल असं एकदा वाटलं होतं. नाही आलं. बाईंनी तो घोट गिळला.

गिळवलं नाही ते पुढचं. या यंत्राचं पेटंट मागितलंय आणि त्याचे कागद कोणालाही बघता येतात, हे नणंदेनं कुठंतरी वाचलं. रविवारी सकाळी ती चष्मा पुसून फोन घेऊन बसली आणि कागद शोधून काढलाच.

"शोध लावणारे तीन," तिनं वाचून सांगितलं. "तुमचे मोठे सर, त्यांचा मदतनीस आणि संचालक."

"संचालक?" बाई भाजी निवडत होत्या. "त्यांना मिश्रणाची खोली कोणत्या मजल्यावर आहे ते माहीत नाही."

"थांब, पुढं ऐक. 'आजवर हे मिश्रण कामगार हाताने करीत असत. या जुन्या पद्धतीत मानवी हाताच्या दोषामुळे फेस होऊन पुष्कळ माल वाया जात असे. प्रस्तुत शोधामुळे हा दोष दूर होतो.'"

बाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "वन्सं, परत वाचा."

नणंदेनं परत वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय ते बाईंना त्या दिवशी नीट कळलं. नाव गाळलं ते समजण्यासारखं होतं. मोठ्या माणसांना छोट्यांची नावं जड जातात. पण हे काय? एकोणीस वर्षांत ज्या हातानं थेंब सांडला नाही, तोच हात जगापुढं मांडायचा, आणि तोही नासका म्हणून? चोरी केली ती केली, वर घरमालकालाच चोर म्हणायचं? बाईंनी भाजी ठेवली, उठल्या आणि गॅसची शेगडी उघडून तिचे सगळे भाग घासायला घेतले. नणंदेनं निवडायची भाजी आपल्याकडं ओढली. भावाचं डब्यांचं बोलणं तिच्याही लक्षात होतं.

दुसऱ्या दिवशी बाई सरांच्या खोलीत गेल्या.

"अहो घडीबाई, ती वकिली भाषा असते," सर हसून म्हणाले. "जुन्याला नावं ठेवल्याशिवाय नव्याला पेटंट मिळत नाही. आणि तुमचं नाव कुठं घेतलंय त्यात?"

"तेच म्हणतेय मी. जिथं घ्यायचं तिथं घेतलं नाहीत. आणि या इमारतीत मिसळणारी मी एकटी. मग दोष आहे तो हात कोणाचा सर, वॉचमनचा?"

"तुम्ही फार मनाला लावून घेता."

"मला घडीबाई का म्हणतात, माहीत आहे तुम्हाला?"

सरांनी घड्याळ बघितलं. त्यांना मीटिंग होती.

पंधरा दिवसांनी तेच सर गोड हसत खाली आले. एका दुसऱ्या कंपनीनं हरकत घेतली होती. हा उतार हातानं काम करणारे आधीपासून वापरतातच, यात नवीन काय, असं तिचं म्हणणं होतं. तेव्हा बाईंनी एका छोट्या कागदावर सही करायची होती. कागदावर लिहिलं होतं, 'यंत्र येईपर्यंत मी चौकट सपाट ठेवून मिसळत असे. त्यात माझ्या हातून फेस होऊन अनेकदा माल वाया जाई.'

"औपचारिकता आहे," सर म्हणाले. "नाहीतर निवृत्तीला वर्ष राहिलंय तुमचं, उगाच बाटल्या धुवायला पाठवायचं माझ्या जिवावर येईल."

कागद घेऊन बाई घरी आल्या. कधी नव्हे ते त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नणंदेनं कागद वाचला, टेबलावर पालथा घातला आणि शिक्षिकेच्या आवाजात विचारलं, "अगं, रडू नकोस. तू स्वतःच्या हातानं लिहिलेलं काही आहे का तिथं?"

"आहे की. नोंदवही. रोज लिहिते, किती घड्या, फेस किती, वाया किती."

"पहिल्यापासून?"

"एक घडी, दोन घडी, सगळं आहे त्यात."

"आणि तपासतं कोण?"

"सर. खाली शिक्का असतो, 'वाचले व समजले'. त्यावर त्यांची सही. शनिवारी येतात आणि आठवड्याची सगळी पानं एकदम उरकतात."

नणंद इतकी हसली की चष्मा काढावा लागला. "अगं, तीस वर्षं वह्या तपासल्यात मी. न वाचता सही करणारा मास्तर लांबून ओळखू येतो. त्या वह्या कुठं आहेत?"

वह्या कपाटात होत्या, आणि कपाटाची किल्ली बाईंकडे होती.

पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाई कंपनीच्याच होत्या, पण कामाला पक्क्या. हरकतीवरच्या बैठकीत बाईंनी सही न केलेला कागद ठेवला आणि त्याच्यावर घड्यांची अगदी पहिली वही उघडून ठेवली. वकीलबाईंनी चार पानं उलटली, मग आणखी दहा. त्यांचा चेहरा बदलला.

"ही सही तुमची?" त्यांनी सरांना विचारलं.

"हो, पण रोजचं इतकं कोण वाचतं?"

"इथं लिहिलंय की तुम्ही वाचलंत. 'तीन घड्या ठेवल्या, फेस नाही.' याच्याखाली 'समजले' म्हणून सही केलीय तुम्ही."

सरांची पंचाईत झाली. वाचलं होतं म्हणावं तर चोर ठरतात, नाही म्हणावं तर एकोणीस वर्षांच्या सह्या खोट्या. इकडे आड, तिकडे विहीर. बाईंना बघून इतकं बरं वाटलं की त्याची त्यांना थोडी लाजही वाटली.

"शोध लावणारी म्हणून यांचं नाव घालावं लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "पहिलं. नाहीतर हे पेटंट उद्या टिकणार नाही."

"घालू की!" सर लगेच म्हणाले. "माझी कुठं ना आहे? मी तर पहिल्यापासून म्हणतोय, बाईंचा हात म्हणजे..."

आपलं नाव. पगाराच्या कागदाबाहेर, सगळ्या जगाला दिसेल असं छापलेलं. नणंद ते फ्रेम करून भिंतीवर लावील आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चष्मा लावून वाचायला लावील. हवं होतं ते बाईंना. फार हवं होतं.

"आणि ते वाक्य?" त्यांनी विचारलं.

"कोणतं?"

"मानवी हाताचा दोष."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "ते राहील. ते काढलं तर तपासणारे विचारतील, मग यंत्राची गरजच काय?"

"मीही तेच विचारतेय."

"बाई, मी सरळ सांगते. त्या वाक्यावरच सगळा अर्ज उभा आहे."

"म्हणजे वर माझं नाव, आणि खाली मीच लिहून देणार की माझ्या हातून माल नासायचा."

"हो. तसंच होईल ते."

"मग नाव नको मला," बाई म्हणाल्या. "नाव तुमचं तुम्हाला लखलाभ. वाक्य काढा."

सरांचा तोल गेला. "अहो, माणसं जन्मभर झिजतात पेटंटवर नाव यावं म्हणून! काय मागताय तुम्ही, कळतंय का? एका वाक्यासाठी?"

बाई उठल्या आणि खाली मिश्रणाच्या खोलीत गेल्या. हरकतीचा निकाल लागेपर्यंत यंत्र बंद ठेवा, असं वकीलबाईंनी सांगून ठेवलेलं होतं, आणि रुग्णालयांचा माल तर द्यायचाच होता. बाईंनी जुनी चौकट काढली, पुठ्ठा फाडला आणि हात धुतले. दिवसभरात सात बाटल्या झाल्या. मनगट सुजलं. फेस कुठंही नाही.

पाच वाजता त्यांनी नोंद लिहिली आणि सरांना निरोप धाडला. शनिवार नव्हता, तरी सर आले, कारण बाईंच्या सहीशिवाय त्यांची गाडी पुढं सरकणार नव्हती. मागोमाग वकीलबाईही आल्या. पॅकिंगच्या बायका जाताजाता दारात थांबल्या. सरांनी खिशातून पेन काढलं. बाईंनी पानावर तळहात ठेवला.

"आधी वाचा."

सरांनी ओठ हलवले.

"मोठ्यानं."

सरांनी वकीलबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग सरांनी घसा साफ केला. "बाटल्या सात. तीन घड्या. फेस नाही. वाया, शून्य." ते वाचताना त्यांचा आवाज बारीक झाला. दारातल्या बायकांतली एक 'अगं बाई' म्हणाली. सरांनी घाईनं सही करायला पेन टेकवलं, तेवढ्यात बाईंनी पान मागं उलटलं. मग कपाटाचं दार उघडून वह्यांचे गठ्ठे काढले, एकेक करून टेबलावर ठेवले, आणि सरांसाठी स्टूल पुढं ओढलं.

"बसा सर," घडीबाई म्हणाल्या. "वाचलं म्हणून सही केलीत ना? आता वाचा."